आठ पोरांवरून वऱ्हाड

चांदूर बाजारकडच्या आमच्या शाळेत पाहुणा येणार म्हटलं की मुख्याध्यापकांची एक ठरलेली रीत होती. अडखळत वाचणारी पोरं मैदानावर खेळायला धाडायची आणि त्यांच्या जागी वरच्या वर्गातली हुशार पोरं बसवायची. "पाहुणा आला का घर आवरतोच ना आपण?" असं वर मलाच विचारायचे.

अमरावतीचे एक प्राध्यापक मुलांच्या वाचनावर संशोधन करायला आले, तेव्हा माझा तिसरीचा वर्गही असाच आवरला गेला. मी त्यांना दारातच सांगितलं, यातली निम्मी पोरं माझ्या वर्गातली नाहीत.

"मुलं ती मुलंच. मला आठ पुरेत," ते म्हणाले.

आठ जणांनी धडाधड वाचून दाखवलं, साहेबांनी आलुबोंडे हाणले आणि दुपारच्या बसनं ही सगळी विद्वत्ता अमरावतीला परत गेली.

पुढे अकोल्याच्या परिसंवादात हेच गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की वऱ्हाडातल्या मुलांना वाचनाचा वेगळा तास लागत नाही, ती आपली आपण शिकतात. अख्खं वऱ्हाड! या माणसानं आमच्या शेजारच्या गावची शाळासुद्धा पाहिली नव्हती. मी उठून विचारलं, आठ पोरांवरून?

"अहो, शितावरून भाताची परीक्षा होते."

"होते ना, पण शीत त्याच भांड्यातलं पाहिजे," मी म्हणालो. लोक हसले, पण टाळ्या त्यांनाच पडल्या. असल्या विद्वत्तेची मला अजूनही किळस येते.

समोर बसलेल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना प्राध्यापकांचं म्हणणं फारच पटलं. कच्च्या पोरांसाठी मी घेत असलेला तास वेळापत्रकातून काढा, असं फर्मान महिन्याभरात आलं. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी तो काढला.

त्या तासाला भाजीपाला पिकवणाऱ्या घरची एक पोरगी बसायची. प्राध्यापक आले त्या दिवशी तीही मैदानावरच होती. वर्षभर अक्षरांशी झगडून तिनं नुकतंच एक अख्खं वाक्य वाचलं होतं आणि स्वतःच दचकली होती. तास बंद झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, मले अजून येत नाही म्हणून बंद केला का जी?"

"नाही व माय, तुझ्यामुळं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिला वाचायला उठवलं, तर "मले नाही येत," म्हणाली आणि पुस्तक न उघडताच खाली बसली.