टूनच्या कोटातलं पिस्तूल

मंजूषा सावर्डेकरला माणसांच्या चालण्याकडे बघायची सवय लहानपणीच लागली होती. तिचे वडील वासुदेवराव कोल्हापुरातल्या एका चांदीवाल्या पेढीचा माल हुपरीला नेत-आणत. त्यांच्या कमरेला, शर्टाच्या आत, परवान्याचं छोटं पिस्तूल असायचं. ते दिसत कधीच नसे, पण वडील उजवं कोपर अंगाशी धरून चालायचे, खुर्चीत डावीकडे कलून बसायचे आणि मुलीला नेहमी डाव्या कडेवर घ्यायचे. घरातल्या वस्तूची भीती नको म्हणून चौदाव्या वर्षी त्यांनी तिला नेमबाजी शिकायला घातलं. तिथं तिचा हात असा काही बसला की कॉलेजात असताना तिनं राज्य पातळीवर ब्राँझ मिळवलं. मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, लग्न, मुलगी. २०१३ साली नवरा रविकांत आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायला आला, तेव्हा मंजूषाही आली. दोन वर्षं घरी काढून तिनं एका कारखान्यात नोकरी धरली. तयार झालेले लोखंडी-पोलादी भाग मोजायचे, आणि केसभर जरी चुकले असतील तरी परत पाठवायचे, असं ते काम होतं.

शेजारच्या खेल्ड्रॉप गावात नेमबाजीचा क्लब आहे हे कळल्यावर ती एका शनिवारी सायकल काढून तिथं गेली. नेदरलँड्समध्ये हे प्रकरण फार काटेकोर असतं. पहिलं वर्ष क्लबच्याच शस्त्रांवर शिकायचं, मग पोलिसांकडून परवाना. घरात तिजोरी, गोळ्यांना वेगळं कुलूप, आणि पोलिस घरी येऊन ते तपासणार. नेताना शस्त्र रिकामं, बंद पेटीत, घरून थेट क्लबात. अंगावर लपवून बाळगायला तर सर्वसामान्य माणसाला परवानगीच नाही.

तिथं तिला टून भेटला. सत्तरी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा. गावात त्याचं घड्याळांचं आणि दागिन्यांचं दुकान होतं, ते त्यानं कधीच बंद केलं होतं. मंजूषाचं डच तेव्हा तोडकंमोडकं होतं, पण टून बोटांनी शिकवायचा. तिचा अंगठा किंचित खाली सरकवायचा, श्वास कुठं थांबवायचा ते स्वतः करून दाखवायचा. त्याची बायको रीट सफरचंदाचा केक पाठवायची. हळूहळू येणंजाणं वाढलं, दिवाळीला दोघं चकल्या खायला आले.

तिसऱ्या वर्षी एकदा ती टूनच्या मागून गाडीतळाकडे चालत होती. कोट घातलेला, उजवं कोपर अंगाशी. ही चाल तिनं अठरा वर्षं घरात पाहिली होती. म्हातारपणानं खांदा आखडला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कुणाला काही बोलली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये त्या भागात कोरोना शिरला तो फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या उत्सवापाठोपाठ. क्लब बंद झाला. टूनला ताप आला, हाउसआर्ट्सनं म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं फोनवरच औषध सांगितलं, पाचव्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. अंत्यविधीला तीसच माणसं चालणार होती. मंजूषानं आणि रविकांतनं तो लॅपटॉपवर पाहिला.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी, रीटचा फोन आला.

"मंजू, एकटीच ये. सायकलची मोठी पिशवी घेऊन ये."

रीटनं तिला मागच्या दारानं आत घेतलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. टेबलावर चहाच्या फडक्यावर एक छोटं पिस्तूल होतं.

"तिजोरीतली दोन पिस्तुलं पोलिस परवा घेऊन गेले," रीट म्हणाली. "ती कागदावर होती. हे कपडे देऊन टाकायला काढले तेव्हा कोटात सापडलं. हे कुठल्याच कागदावर नाही."

"तू हात लावलास?"

"तीनदा इकडून तिकडे ठेवलंय. भरलेलं आहे का ते मला कळत नाही."

मंजूषानं भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. नळीचं तोंड बागेकडच्या विटांच्या भिंतीकडे धरून तिनं आधी मॅगझिन काढलं, मग वरचा भाग मागे ओढला. आतून एक गोळी टुणकन फडक्यावर पडली. रीटनं तोंडावर हात धरला.

पिस्तूल तळहातापेक्षा फार मोठं नव्हतं, पण वजन चांगलंच होतं. सगळा सांगाडा पोलादाचा. मंजूषाच्या मापं घेणाऱ्या डोळ्यांनी ते आपोआप वाचून काढलं. कापडात अडकू नयेत म्हणून कोपरे गोल केलेले होते. नेम धरायचे उंचवटे अगदी बुटके. एका बाजूचा काळा मुलामा शाबूत होता, आणि दुसऱ्या बाजूला, जी अंगाला लागते, तिथं घामानं गंजाचे बारीक खड्डे पडले होते. एवढे खड्डे पडायला एक-दोन उन्हाळे पुरत नाहीत.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"एक्क्याण्णव सालापासून. दुकानात दोघे दरोडेखोर शिरले. टून तिजोरीची चावी देईना म्हणून त्यांनी त्याची बोटं ड्रॉवरमध्ये घालून ड्रॉवर लाथेनं बंद केला. तीन बोटं मोडली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची बोटं! ते सापडले नाहीत. महिन्याभरानं हा बेल्जियमला जाऊन हे घेऊन आला. दुकान बंद केलं तरी सोडलं नाही. चर्चमध्येसुद्धा असायचं." रीटनं मंजूषाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "कालवा इथून पाच मिनिटांवर आहे. पिशवीत घाल, पुलावर जरा थांब आणि टाकून दे. तुझ्याकडे परवाना आहे, तुला कोण अडवणार?"

मंजूषाला क्षणभर ते फार सोपं वाटलं. पूल ओळखीचा होता. लॉकडाऊनमुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टूनचं नाव स्वच्छ राहिलं असतं.

"नाही रीट," ती म्हणाली. "माझा परवाना माझ्या पिस्तुलाचा आहे. हे पिशवीत घातलं की मीच चोरून शस्त्र नेणारी झाले. आणि कालव्यात मुलं गळाला लोहचुंबक बांधून लोखंड शोधत बसतात, माहीत आहे ना? पोलिसांना फोन कर. ते येऊन घेऊन जातील."

"आणि क्लबात काय म्हणतील? टून गुन्हेगार होता म्हणून? त्यानं तुला शिकवलं!"

"शिकवलं. म्हणूनच."

"जा तू. मी दुसऱ्या कुणाला सांगेन."

मंजूषा गेली नाही. पिस्तूल आणि गोळ्या म्हाताऱ्या बाईजवळ सोडून जायचं तिच्या मनाला पटेना. गोळ्या तिनं एका बरणीत घालून वेगळ्या ठेवल्या आणि ती बागेतल्या बाकावर जाऊन बसली. रीटनं आतून दार लावून घेतलं. दीड तास गेला. मंजूषानं कारखान्यात सुट्टी कळवली, घरी मुलीला, उत्तराला, फोन करून कुकर लावायला सांगितला. तिला मराठी समजायचं, पण बोलायची ती डचमध्ये. शेवटी खिडकीतून रीट फोनवर बोलताना दिसली. शाळेत धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखी सरळ उभी राहून ती स्वतःचा पत्ता सांगत होती.

पोलिसांची दोन माणसं आली. सभ्य होती. पिस्तूल पाकिटात घातलं, रीटला म्हणाले, तुम्ही स्वतः फोन केलात, तुमच्यावर काही येणार नाही. मग त्यातल्या बाईनं मंजूषाला विचारलं, "तो हे बाळगतो याची तुम्हाला कल्पना होती?"

नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"संशय होता," मंजूषा म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी त्याच्या चालण्यावरून आला होता. मी कुणाला सांगितलं नाही."

त्या एका वाक्यानं पुढचे नऊ महिने खाल्ले. चौकशी होईपर्यंत तिचा परवाना स्थगित झाला, तिचं पिस्तूल पोलिस घेऊन गेले. क्लबात ती आता नवशिक्यांना शिकवायची, ते कामही क्लबनं काढून घेतलं. रविकांत घरी बसून कामाच्या मीटिंगा करत होता, तो हेडफोन काढून म्हणाला, "आपला नागरिकत्वाचा अर्ज पडलाय तिकडे. कशाला सांगायचं होतं? कोण विचारायला येणार होतं?"

"तिनं विचारलं ना."

"अगं, चालण्यावरून संशय हा काय पुरावा आहे?"

"पुरावा नाही. पण मला माहीत होतं, रवी. बाबांच्या घरात वाढलेय मी. मी तेव्हा टूनशी नुसतं बोलले असते तरी चाललं असतं. त्याला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प बसले."

रविकांतनं हेडफोन परत चढवला. काही दिवस घरात बोलणं कामापुरतंच राहिलं.

जानेवारीत पत्र आलं. परवाना परत, सोबत एक लेखी ताकीद. नागरिकत्वाचा अर्ज अडला नाही. रीटचा मात्र फोन नव्हता. मंजूषानं दोनदा भाजी-पोळीचा डबा पायरीवर ठेवला. डबा धुऊन पायरीवर परत यायचा, चिठ्ठी नसायची.

मार्च २०२१ मध्ये, जवळजवळ अकरा महिन्यांनी, रीटनं फोन केला. लशीची तारीख आली होती आणि केंद्रापर्यंत न्यायला कुणी नव्हतं. मंजूषा गाडी घेऊन गेली. वाटेत दोघी हवेबद्दल बोलल्या. सुई टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर थांबायचं होतं. मध्ये एक खुर्ची सोडून दोघी बसल्या.

"मी तुझ्यावर अकरा महिने रागावले होते," रीट समोर बघत म्हणाली. "टूनवर एकोणतीस वर्षं. तुझ्यावर रागवायला सोपं होतं, एवढंच."

मंजूषानं मास्क नाकावर नीट बसवला.

"कपाट उघडलं की मी आता घाबरत नाही," रीट पुढं म्हणाली. "इतकी वर्षं घाबरत होते हेच मला कळलं नव्हतं. क्लब कधी उघडणार?"

"बघू. जूनमध्ये कदाचित."

"तोवर बुधवारी येत जा. त्याची चाळीस घड्याळं पडली आहेत, कुठलं चालतं आणि कुठलं नाही ते मला बघून दे. तुझे हात बारीक कामाचे आहेत."

पंधरा मिनिटं संपली, भिंतीवरच्या पडद्यावर रीटचा नंबर आला. मंजूषानं उठून तिला हाताचा आधार दिला.