एकाच चित्रावरच्या दोन कविता

काही वर्षांपूर्वी लाखनीत काव्यस्पर्धा झाली. एका चित्रकला शिक्षकानं काढलेलं चित्र भिंतीवर लावलं होतं आणि त्यावर शोककविता मागवल्या होत्या. चित्रात धानाची रोवणी चाललेली. ओळीतल्या सगळ्या बाया वाकलेल्या, एकच जण हातात रोपांची जुडी धरून ताठ उभी. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून परीक्षक मी होतो.

कवितांवर नावं नव्हती. शेवटी दोन उरल्या. एकीत आभाळ रडत होतं, त्या बाईच्या आसवांनी शेत भरलं होतं, वाऱ्यालाही हुंदका फुटला होता. दुसरी आठच ओळींची. रोवताना बाया मागे मागे सरकतात, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवायचा पट्टा, असते. कवितेतल्या बाईची लेक गेल्या साली शेजारच्या पातीवर होती. यंदा दोन्हीकडच्या बायांनी जराजरा सरकून तिची पात वाटून घेतली. चिखलात कुठंच जागा सुटली नाही. तेवढं बघायला ती बाई उभी राहते.

अक्षर मी ओळखलं. माझ्या धाकट्या बहिणीचं, एकोडीला दिलेल्या. तिची लेक तापानं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं.

बहिणीला नंबर दिला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. कविता गुपचूप बाजूला ठेवता आली असती. पण मी माईकवर म्हणालो, "यात शोक कुठं आहे? ही तर रोवणीची माहिती. शेतकी खात्यात पाठवा." सभागृह हसलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिला नंबर आभाळाला गेला.

यंदा दिवाळीनंतर एकोडीला गेलो आणि विषय काढला.

"तुले माहीत होतं न भाऊ, कविता माझी आहे म्हणून?"

"होतं."

"मंग काहून तसा बोलला?"

"भेलो मी. लोकं म्हणतीन, बहिणीले देल्लं."

"मास्तर होऊन लोकाइले भेतं!"

तिच्याजवळची प्रत तिनं त्याच संध्याकाळी चुलीत घातली होती. नंतर एक ओळ लिहिली नाही. मी म्हटलं, आठवते तेवढी छापतो, खरी कविता कोणती होती तेही लिहितो.

"लिव्ह. माझं नाव नोको टाकजो. आधी कोण हसलं, थे टाकजो."

आधी मी हसलो होतो. सभागृह नंतर.