गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

आमच्या क्रिकेट टीमची निवड कधी कागदावर होत नसे. शुक्रवारी, म्हणजे इथल्या आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मआमीर या कारखान्यांच्या वस्तीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर नारळ ठेवायचा आणि मी गाऱ्हाणं घालायचं, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मैदानात उतारतत..." आणि मग एकेकाचं नाव. ज्याचं नाव देवाच्या कानावर गेलं तो अकरात. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं आणि पाण्याचे कॅन उचलायचे. आमच्या गावी असंच चालतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर गावी असलं काही नव्हतं. ही माझीच टूम, पण दहा वर्षांत तिची परंपरा झाली.

मी जुन्या वळणाचा मॅनेजर. मोबाईलमधल्या सरासऱ्या मला पटत नाहीत. माणूस क्रीजवर कसा चालत येतो ते बघून मला सगळं कळतं, असा माझा दावा. सलामीला ज्येष्ठ जोडी, शेवटची ओव्हर जुन्या माणसाला, आणि कॅच सुटला म्हणून कुणालाही बसवायचं नाही. टीम म्हणजे घर, आणि घरातल्या माणसाला मार्क देत नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी एक टेक्निशियन आमच्यात आला. विदर्भातला, बौद्ध घरातला, इथं शहरातल्या नईम भागात माझ्याच मागच्या गल्लीत राहणारा. गाऱ्हाण्याच्या वेळी तो जरा बाजूला, गप्प पण अदबीनं उभा राही. बॉलिंग सुरेख. टेनिस बॉल थेट बॅट्समनच्या पायाशी पडायचा. तरी मी त्याला बहुतेक वेळा स्कोअर लिहायला बसवत असे. प्रत्येकाच्या खेळाची नोंद तो मोबाईलवर ठेवी आणि मी सगळ्यांसमोर विचारी, "काय रे, आज देव किती टक्के प्रसन्न?" सगळे हसत. तोही हसे.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी तो मला बेकरीच्या दारात भेटला. म्हणाला, "भाऊ, उद्या मी खेळून रायलो का? पोरगी म्हणते, पप्पा फक्त लिहितात. खेळत असन तरच आणतो तिले."

"आण आण," मी म्हटलं. "पहिली ओव्हर तुझीच, इंशाल्ला."

हे मी मनापासून म्हटलं होतं. टीममधल्या जुन्या बॉलरचे, माझ्या मामेभावाचे गुडघे गेले होते, त्याची जागा याला द्यायची हे माझ्या मनात पक्कं होतं. मामेभावाला सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

सकाळी मामेभाऊ नाइट शिफ्टवरून थेट मैदानावर आला, दोन्ही गुडघ्यांना बँडेज गुंडाळून. टेक्निशियनची आठ-नऊ वर्षांची मुलगी खुर्ची टाकून बसली होती आणि तो नवे बूट घालून तयार होता. मी गाऱ्हाणं सुरू केलं. दहा नावं घेतली. अकरावं ओठावर होतं, तेवढ्यात मामेभावाशी नजरानजर झाली आणि मी त्याचं नाव घेतलं.

"व्हय म्हाराजा!"

टेक्निशियन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "आता देवासमोर नाव गेलं रे. बदलता येत नाही." असा नियम नव्हताच. मी देवाला मध्ये घातलं, आणि तेही अशा माणसासमोर, जो त्या देवाला मानत नव्हता आणि म्हणूनच, आमचा मान राखायचा म्हणून, वाद घालणार नव्हता. तो आमच्या वाडीतला असता तर मी त्याला असं तोंडघशी पाडलं असतं का? नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

तो माझ्या शेजारी बसून स्कोअर लिहू लागला. मुलगी मधूनमधून विचारी, "पप्पा, व्हेन इज युवर टर्न?" तो म्हणे, "येते बेटा, येते." शेवटच्या ओव्हरपर्यंत तो हेच सांगत होता.

वर आम्ही जिंकलोही. मामेभावानंच शेवटची विकेट काढली. पोरांनी मला उचललं, "जुनं ते सोनं!" म्हणून ओरडले. हरलो असतो तर चार शिव्या तरी खाल्ल्या असत्या. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

तो गाडीत सामान ठेवत होता तिथे मी गेलो. मुलगी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." तो भडकला असता तर मीही भांडून मोकळा झालो असतो. पण त्यानं दार हळूच लावलं, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून चार पावलं माझ्याकडे आला आणि म्हणाला, "रात्री एक फोन केला असता भाऊ, तर पोरीले आणलं नसतं."