आतून दोन रेघा, एक टिंब

आमच्या रेटमामांना एखाद्या वस्तूचा भाव कळला नाही की घास गोड लागत नसे. वस्तू घ्यायची असो वा नसो, रेट विचारणार म्हणजे विचारणार. एस.टी.त शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पातेल्याचा रेट, लग्नात नवरदेवाच्या फेट्याचा रेट, दवाखान्यात सलाईनचा रेट. माझे वडील गेले तेव्हा स्मशानात सगळे माना खाली घालून उभे होते, आणि मामा लाकडंवाल्याच्या कानाशी लागून हळूच विचारत होते, "काय रेटनं लावली?" मला असा संताप आला होता म्हणता! पुढं आईकडून कळलं की लाकडाचे पैसे त्यांनीच दिले होते.

ते आईचे धाकटे भाऊ. तीस वर्षं त्यांनी धारूर ते माजलगाव काळी-पिवळी जीप चालवली, म्हणजे रोज घाट उतरायचा आणि रोज चढायचा. त्यामुळं बाकीचे रेट ही नुसती हौस होती, टायरचा रेट मात्र फार गंभीर मामला. गावात कुणालाही टायर घ्यायचे झाले की आधी मामांना गाडीत घालून न्यायचं, हा रिवाजच पडला होता. दुकानात शिरताना मामा बजावायचे, "आत कुणी तोंड उघडायचं न्हाई आन खिशाला हात लावायचा न्हाई. पाकीट दिसलं की रेट मेला." पहिल्या दिवशी त्यांनी कधीच काही घेतलं नाही. तासभर घासाघीस करून दुकानदार घायकुतीला आला की उठायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "बघतो. उद्या येतो." आणि खरोखर उद्या यायचे.

रेट ठरायच्या आधी ते टायरवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. त्या वेळी दुकानात कुणी बोलत नसे. मग अंगठ्यानं टायरवरचे चार आकडे चाचपायचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "टायरला जन्मतारीख आसती, गुरुजी," मला म्हणायचे, कारण मी शाळामास्तर. "आमची समद्यांची एक जून, मास्तरनं ठोकून दिलेली. ह्याची मातर खरी." कधी कधी आकडे सापडायच्या आधीच ते हात झटकन मागं घ्यायचे. "ह्यो गेलेला हाय. गार लागतोय." आकडे पाहावेत तर टायर चार-चार वर्षं गोदामात पडलेला निघायचा. भर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, रबर गार कसं लागेल? पण मामा त्यानंतर बराच वेळ तो हात धोतराला पुसत राहायचे, आणि ते पाहून मला विचारायचा धीर झाला नाही.

हाताला पटलेल्या टायरला ते आतल्या बाजूनं पिवळ्या खडूनं खूण करायचे, दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब. बसवताना दुकानदारानं टायर बदलू नये म्हणून. खडू माझ्याकडूनच न्यायचे. "अबे गुरुजी, सरकारचा एक पिवळा काढ." ती खूण त्यांच्याशिवाय कुणी करायचं नाही, आणि टायर रिंगवर चढला की ती कुणाला दिसायचीही नाही.

माझ्या गाडीत ते पुढं माझ्या शेजारी बसत. हल्लीच्या गाड्यांना शेजारच्यानं पट्टा लावला नाही की टिकटिक सुरू होते. मी म्हणायचो, "मामा, पट्टा लावा." ते म्हणायचे, "मी काय उडून चाल्लो काय?" मग अख्खा रस्ता ती टिकटिक आणि तिच्यावर मामांचा आवाज.

त्या गाडीला पहिल्यांदा चार टायर घ्यायचे होते तेव्हा मामांनी मला चार दिवस फिरवलं. माजलगावच्या मोंढ्याजवळ रशीदभाईंचं दुकान आहे, तिथं रेट काढून झाला, "उद्या येतो" झालं, आणि मग आणखी दुकानं पालथी घालत आम्ही बीडला पोचलो. तिथं एका काचेच्या, गारेगार दुकानात रशीदभाईंपेक्षा नगामागं तीनशे कमी सांगितले. मामांनी हात ठेवला आणि काढून घेतला. "न्हाई. रशीदकडं चल."

ऊन, भूक, संपत आलेली सुट्टी. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर पाकीट काढलं आणि म्हणालो, "बस्स झालं, मामा! रेट कमी पाहिजे म्हणता, मिळाला तर नको म्हणता. माणसं हसतात. लाज वाटते मला तुमची."

मामांनी हातातला खडू खिशात टाकला. तसेच बाहेर पडले आणि एस.टी.नं गावी गेले. त्या दिवसापासून आमचा अबोला. टायर मी तिथलेच घेतले, आणि सहा महिन्यांत त्यातल्या एकाला हा एवढा फुगा आला. तेव्हा कुठं मी आकडे वाचले. चार वर्षांचा माल होता. जाऊन मामांचे पाय धरायला हवे होते. मी उद्या जातो, उद्या जातो करत राहिलो. एका सकाळी फोन आला, मामा झोपेतच गेले. मातीला गेलो, खांदा दिला, तोंडात पाणी घातलं; बोलणं मात्र राहून गेलं. ते मला आजही खातं.

याला अडीच वर्षं झाली. परवा पोरीला लातूरला कॉलेजात सोडायला न्यायचं होतं, आणि टायर पार गुळगुळीत झालेले. मोबाइलवर सगळीकडचे भाव पाहिले आणि भर दुपारी एकटाच रशीदभाईंकडं गेलो.

"आवो गुरुजी!" रशीदभाई उठलेच. "मामा म्हणलेच होते, आज येणार म्हणून."

"कोण मामा?"

"कोण म्हंजे? तुमचे! परवा मालाची गाडी उतरली आन काल मामा हजर. घंटाभर टायरला हात लावून बसले. चाय मागवली तर न्हाई म्हणले."

रशीदभाईंना मामा गेल्याचं माहीत नव्हतं. माजलगावला कोण कळवणार? मला वाटलं, दुसऱ्याच कुणाशी गल्लत होतेय. म्हणून विचारलं, "काही बोलले का?"

"मी म्हणलं, गुरुजी कावून न्हाई आले संगं? तर म्हणले, भाच्याचा अबोला हाय. रेट मीच काढून ठिवतो. आन म्हणले, त्याला सांग, पाकीट आधी काढू नको."

माझा हात त्या वेळी पाकिटावरच होता. तो तसाच राहिला. मामा गेलेत हे सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं एवढंच, "काय रेट काढला?" रशीदभाईंनी रेट सांगितला. मोबाइलवरच्या सगळ्या भावांपेक्षा कमी.

चार टायर समोर आणून ठेवले. मी वाकून पहिल्याच्या आत पाहिलं. दोन रेघा, एक टिंब. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. चौथा कोरा. त्याचे आकडे वाचले तर तीन वर्षांचा. "या अल्ला, हा जुना कुठून मिसळला?" म्हणत रशीदभाई ओशाळले आणि गोदामात गेले. मीही मागोमाग गेलो, एकेका टायरमध्ये डोकं घालून पाहत राहिलो. सगळ्यात मागच्या रांगेत, सगळ्यात खालच्या टायरमध्ये खूण सापडली. खुणेच्या चारही टायरांवरचे आकडे याच सालचे होते. मामा गेले तेव्हा हे टायर तयारही झालेले नव्हते. रेघेवरून बोट फिरवलं तर पिवळी भुकटी बोटाला लागली. अजून ताजी होती.

टायर बसवून निघालो. घाट चढायला लागलो आणि टिकटिक सुरू झाली.

शेजारची सीट रिकामी होती. पिशवी नाही, बाटली नाही, बिलसुद्धा माझ्या खिशात. तरी समोर लाल दिवा लागलेला. थांबावं तर मागं ट्रक चिकटलेला. डावीकडं बघायची माझी छाती झाली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

टिकटिक चालूच.

"तुमची लाज मला कधीच वाटली नाही, मामा. डोकं फिरलं होतं, उगीच बोललो. यायला पाहिजे होतं, आलो नाही." मग रडूच फुटलं, आणि रडता रडता सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पट्टा लावा आता."

शेजारी खट्ट वाजलं आणि टिकटिक थांबली. वरपर्यंत नुसता नव्या टायरांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी बॅग घेऊन पुढचं दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, रिकाम्या सीटला पट्टा कुणी लावलाय?" मी तिला मागं बसायला सांगितलं.