पेट्रोलचा काटा कोणी बघायचा

अण्णांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडलाय हे मला बहिणीकडून कळलं. तेही फोनवर, तेही दुसऱ्याच विषयावर बोलताना. काळेवाडीच्या चौकात गाडी बंद पडली, अण्णांना वाटलं बॅटरी गेली, आणि बघतात तर टाकी कोरडी. मग तिचा नवरा बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, देहूरोडहून स्कूटरवर पेट्रोल घेऊन आला. मी विचारलं, मला का नाही कळवलं? ती म्हणाली, तू कामावर असशील असं अण्णांना वाटलं.

तो गुरुवार होता. आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, आणि अण्णांनी पिंपरीतली अख्खी नोकरी याच गुरुवारच्या सुट्टीवर काढली आहे. वडिलांना मुलाची सुट्टी आठवत नाही आणि जावयाला मात्र चालू बँकेतून उठवून बोलावतात, याला काय म्हणायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अण्णा कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. ही गाडी त्यांनी जुनीच घेतली, आणि तेव्हापासून तिच्या पोटात हात घालणं हाच त्यांचा सुट्टीतला उद्योग. त्या उद्योगात माझी जागा ठरलेली होती. अण्णा मागे वायरी जुळवणार आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून सांगणार, दिवा लागला की नाही, काटा हलला की नाही. जरा उशीर झाला की मागून आवाज यायचा, "आरं, बघतुयास का झोपलास?" कधी गाढव, कधी म्हैस. मला त्यांनी जेवढ्या शिव्या घातल्या, त्या सगळ्या त्याच गाडीत. आईला त्याचं वाईट वाटायचं. मला कधीच वाटलं नाही.

पुढे मी चाकणला लागलो आणि तिकडेच फ्लॅट घेतला. आमच्या लाइनवर गाड्यांचे मीटरच बनतात. काटा हलला नाही तर आम्ही का हलला नाही ते शोधत बसत नाही. लाल टॅग लावायचा, पेटीत टाकायचा, दुसरा घ्यायचा. अण्णांच्या गाडीचं काही बिघडलं की मीही तसंच सांगायला लागलो, बदलून टाका. काय चूक होतं त्यात? वेळ कोणाला आहे? अण्णाही बरं म्हणायचे. मग हळूहळू विचारायचेच बंद झाले, आणि मी समजलो, गाडी चांगली चालली असेल.

आता दाजी. माझ्या बहिणीचा नवरा माणूस वाईट नाही, हीच खरी अडचण आहे. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. त्याला पान्याचा आकडा कळत नाही, फ्यूज कुठे असतो ते माहीत नाही, आणि त्याची रविवारी सुट्टी. दर रविवारी दोघं रहाटणीला आई-अण्णांकडे येतात. बहीण आईशी बोलत बसते आणि हा अण्णांच्या मागे मागे फिरतो. 'जावईबापूंना शिकायची लई हौस', असं अण्णा एकदा फोनवर म्हणाले होते. मला कोणी हौशी म्हटलेलं आठवत नाही.

तरी मी स्वतःची समजूत घातली होती. जावई तो जावई. दहावा ग्रह. त्याला मान द्यावा लागतो, त्याच्या बोलण्याला हो म्हणावं लागतं. आमच्यात जावयाला काम सांगत नाहीत, उठून पाणीसुद्धा घेऊ देत नाहीत. अण्णा त्याच्याशी गोड वागतात ते रीत म्हणून. पोटचा तो पोटचा. या एका वाक्यावर मी कितीतरी रविवार काढले.

काट्याचं कळल्यावर मात्र राहवेना. कुदळवाडीच्या भंगारात फिरून मी त्याच मॉडेलचा मीटरचा अख्खा डबा मिळवला, काच धड, काटे धड. रविवारची रजा टाकली. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बसून मनात ठरवत होतो, आपण जाऊन चटकन बसवायचा, आणि दाजी येईपर्यंत गाडी चालू.

पोहोचलो तर गाडीची मागची सीट ओट्यावर काढून ठेवलेली. अण्णा मागच्या दारातून अर्धे आत, टाकीवरचं झाकण उघडून वायरीशी खेळत होते. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, माझ्या सीटवर, दाजी. मीटरकडे डोळे लावून.

वायर काढून बॉडीला टेकवायची. काटा वर गेला तर मीटर चांगला, दुखणं टाकीकडे. हे मला अण्णांनीच शिकवलेलं. मी उभा राहिलो, कोणाचं लक्ष गेलं नाही. अण्णांनी वायर टेकवली. दाजी गप्प. आणि मग मागून तो आवाज आला.

"आरं, बघतुयास का झोपलास? गाढवा, काटा बघ म्हनलं ना."

जावयाला. मला वाटलं, आता अण्णा जीभ चावतील, दाजी तोंड पाडून खाली उतरतील. दाजी हसले. "गेला बाबा, फुल्लवर गेला," म्हणाले, आणि अण्णाही आतल्या आत हसल्याचं मला ऐकू आलं.

मग मी पुढे झालो आणि डबा दाखवला. अण्णांनी हात पुसून तो दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा पाहिला, छान आहे म्हणाले आणि कट्ट्यावर ठेवला. मीटर चांगलाच होता; दोष टाकीच्या अर्थिंगच्या वायरीत होता, तिच्या टोकाला गंज चढला होता. मी म्हणालो, पॉलिश पेपर द्या, मी घासतो.

"नको. कपडे खराब होत्याल तुझे. लांबनं आलायस, तू बस."

आईने मला आत बसवलं. आधी पाणी, मग कपबशीत चहा, ताटलीत चिवडा. दाजींचा चहा स्टीलच्या पेल्यात गाडीच्या टपावर निवत होता. खिडकीतून ते वाकून वायर घासताना दिसत होते, शर्टाला काळं लागलेलं, आणि अण्णा त्यांच्या डोक्यावर उभं राहून तोंडाचा पट्टा चालवत होते. हळू, तुटंल. असं न्हाई, तसं. किती येळा सांगू. माझा इतका जळफळाट आयुष्यात झाला नव्हता. मला त्या माणसाचा पगार नको होता, त्याचा मान नको होता. त्याला पडणारी ती बोलणी हवी होती.

थोड्या वेळाने गाडी चालू झाल्याचा आवाज आला. काटा उठला असणार, कारण दोघंही बोलायचे थांबले. मग अण्णा हात धुऊन आत आले, माझ्यासमोर खुर्चीवर नीट बसले, कंपनी कशी चाललीय ते विचारलं. आणि म्हणाले,

"जेवून जाशील ना? का काय काम हाय?"

दाजींना त्यांनी विचारलं नाही. ते जेवणारच होते.