थरबाईंचा मंगळ

तुमच्या घरातल्या पत्रिकेत जो मंगळ बसलेला असतो, ज्याच्यापायी तुम्ही पोरींची स्थळं मोडता, तो तुम्ही कधी बघितलाय का?

थरबाईंनी बघितला होता. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवायच्या. खडकांच्या थरांशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून हे नाव. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, हातोडा असायचा, एका बाजूला टोक असलेला. वर्गात कुणी ‘असं म्हणतात’ अशी सुरुवात केली की तो टेबलावर आदळायचा. टेबलाचा एक कोपरा त्यानं पार झिजला होता. "कोण म्हणतंय? त्याला हिकडं घेऊन ये," असं बाई विचारायच्या. त्या जयसिंगपूरच्या बौद्ध घरातल्या. वडिलांनी जन्मभर खडी फोडली. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी असायची, राग आला की वडिलांची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचे फोटो इंटरनेटवर दिसायला लागले. मंगळवार पेठेतल्या एका सायबर कॅफेत बाई जाऊन बसायच्या. फोटो पट्टीपट्टीनं उतरायचा. कॅफेवाला म्हणायचा, "मॅडम, पोरं हितं चॅटिंग करत्यात आणि तुम्ही दगड बघताय." बाई फ्लॉपी भरून घ्यायच्या आणि फोटो मोठे छापून आणायच्या. कुठल्याशा विवराची भिंत, तिच्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, एकावर एक. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि सगळ्यांना चिरत जाणारी भेग सर्वांत शेवटची. त्या भिंतीचा इतिहास मारहाणीचाच होता. आकाशातून धोंडा कोसळला, जमीन फाटली, खडक वितळून उडाला, मग त्या जखमेत धूळ भरत गेली आणि पुन्हा धोंडा पडला. बाई म्हणायच्या, "यात राग कुणाचाच न्हाय. ज्याला राग येतो तो हितं खाली राहतो."

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी विवराला टेकडी म्हटलं. वरून घेतलेल्या फोटोत सावली कुठल्या बाजूची ते कळलं नाही की खड्डा उंचवटा दिसतो. हातोडा आदळला. "ऊन कुठनं येतंय ते आधी विचारा. मग तोंड उघडा." तेव्हापासून प्रत्येक फोटोवर आम्ही आधी लाल पेन्सिलीनं उन्हाचा बाण काढायचो.

खरी मजा स्टिरिओस्कोपची. एकाच कड्याचे दोन बाजूंनी घेतलेले फोटो शेजारी ठेवायचे आणि दोन भिंगांतून बघायचं. डावा डोळा एक फोटो बघतो, उजवा दुसरा, आणि सपाट कागदातून अख्खा कडा अंगावर येतो. त्यात सर्वांत तरबेज शोभा. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, हातकणंगल्याला. तिथून ती रेल्वेनं यायची, शनिवारी बाईंबरोबर थर मोजायची.

मग तिच्या नवऱ्याचा टेम्पो उलटला आणि त्याचा पाय मोडला. सासूनं शोभाची पत्रिका पुन्हा कुणाला तरी दाखवली. मंगळ निघाला.

एका शनिवारी भिंगावर वाकताना शोभाची बाही वर सरकली. बाईंनी तिचा हात धरला.

"पडले मॅडम."

"किती येळा पडलीस? हे पिवळं जुनं हाय. हे निळं त्याच्यानंतरचं. आणि हे लाल आजचं. तीन थर हायत शोभे. कुणी घातले?"

शोभानं सांगितलं. दीर मारायचा, सासू दार लावून घ्यायची. बाईंनी तिला सासरी न जाता कोल्हापुरातच राहायला सांगितलं. पण तिची आई आली, रडली आणि तिला परत पोचवून आली. पुढचे दोन शनिवार शोभा आली नाही. तिसऱ्या शनिवारी बाई म्हणाल्या, "चला." आम्ही दोघी मैत्रिणी आणि बाई. पोलिसांकडे आधी जाऊ, असं मी म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "आधी पोरगी जिती हाय का बघू."

हातकणंगल्यात तिच्या सासरच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही घर विचारलं तर एकीनं नुसती हनुवटी उडवली. दार दिरानं उघडलं. शोभा आत भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, एक हात लोंबत होता.

"हिला न्यायला आलोय," बाई म्हणाल्या.

"ह्यो आमच्या घरातला मामला हाय. तुमच्यात पत्रिका नसत्यात, तुला काय कळतंय ए बाई?"

"न्हाईतच. मार मात्र आमच्यातबी हाय, त्यो चांगला कळतो." त्या सरळ आत गेल्या आणि शोभाला उठवून आमच्याकडं ढकललं. "हिला धरा. सोडायचं न्हाय."

दिरानं टेम्पोच्या जॅकचा दांडा उचलला. पहिला फटका बाईंच्या खांद्यावर बसला. त्या हलल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या, आम्ही बाहेर पडेपर्यंत. दुसरा डाव्या डोळ्यावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओला, लहानसा. रक्त पदरावर, उंबऱ्यावर, माझ्या हातावर. ओट्यावरच्या बायका उठून आत गेल्या आणि एकेक दार लागलं.

पोलीस ठाण्यात दिरानं उलटी तक्रार दिली, की ही बाई हातोडा घेऊन घरात घुसली. पर्स उघडली तर हातोडा होताच. वर्षानुवर्षं जवळ बाळगलेल्या त्या एका सवयीपायी जखमी बाईच आरोपी झाली. तो पर्समधून बाहेर निघालाच नव्हता, हे सांगायला शोभा आणि आम्ही दोघी सोडून एक साक्षीदार मिळाला नाही. खटला रखडला. शोभा मात्र सुटली, वसतिगृहात राहिली, शिकली.

बाईंचा डोळा गेला. एका डोळ्याला स्टिरिओस्कोप निरुपयोगी. त्यानंतर शोभा भिंगातून बघायची आणि बाई शेजारी बसून ओरडायच्या, "अगं नीट सांग, कुठला थर बाहेर आलाय?" सांगण्यात जरा चूक झाली तरी त्या चिडायच्या. एकदा भिंग फेकूनच दिलं.

बाई निवृत्त होऊन जयसिंगपूरला गेल्यावर मी भेटायला गेले. तेव्हा मी चळवळीची पत्रकं लिहायचे, त्याच तोऱ्यात म्हणून गेले, की तुम्ही एका पोरीसाठी हसत हसत डोळा दिला.

"हसत? डोळा मला पाहिजे होता की. आता नवे फोटो कसलं झकास येतात म्हणं, कड्यावरचा धोंडान् धोंडा दिसतो. मी काय बघू? शोभीसाठी पुन्हा जाईन, पर डोळा द्यायला न्हाय. त्या गल्लीत दहा बायका बसल्यात्या. त्यातल्या पाच जरी उठून दारात आल्या असत्या तर त्यानं दांडा उचलला नसता. पोरगीबी आली असती, डोळाबी ऱ्हायला असता."

ती आमची शेवटची भेट.

म्हणून वाचणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, बाईंचं कौतुक करत बसू नका. तुमच्या गल्लीत असं एक घर आहे, ते तुम्हाला माहीत आहे. आज शेजारच्या चौघांशी बोलून ठेवा. पुढच्या वेळी आवाज आला की पाचही जण मिळून जा, दार वाजवा, तिला नावानं हाक मारा, आणि ती बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका.