मोहरी नसलेले पोहे

मी अजूनही जेवताना डावा हात ताटावर आडवा धरते. सासरचे हसतात. म्हणतात, हिच्या ताटातलं कोण पळवून नेऊन राहिलं? कोणी नेत नाही बापा, रायपूरजवळच्या बीरगांवची, माहेरची सवय आहे. आमच्याकडे कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी पडायची, बारीक, काळी, मुकाट्यानं. सगळी आळी ताटावर हाताची सावली करूनच जेवायची आणि त्यात काही वेगळं आहे असं कोणाला वाटायचंही नाही.

छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं. रायपूर राजधानी झालं, आणि आम्हा पोट्ट्यापोट्ट्यांना वाटायचं की आता आभाळसुद्धा नवीन मिळणार. सदर बाजारात गेलं की पाट्यांवर ताजा रंग दिसायचा, ज्याच्या त्याच्या दुकानाच्या नावात 'राजधानी'. दुपारी मी गच्चीवर सावलीला पडून धुराड्यांकडे पाहत राहायची. धूर सावकाश वर जायचा, ढगांत शिरायचा. कुठं धूर संपला आणि कुठं ढग लागला ते कळायचं नाही. अर्धवट झोपेत मला ते फार सुंदर वाटायचं. आता राग येतो स्वतःचा, पण वाटायचं खरं. मग खाली आई खोकायची आणि मी जागी व्हायची.

आईला दमा होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला या हवेतून बाहेर काढा. मामा वर्ध्याला होता. उन्हाळा संपायच्या आत तिला तिकडे सोडून यायचं असं ठरत आलं होतं, आणि तिच्या लुगड्यांची पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली होती. परत कधी आणायचं, हे घरात कोणी बोलत नव्हतं. झाडताना मी खाटेखाली झाडू घालतच नव्हते. पिशवी दिसायला नको.

बाबा त्या धुराड्यांच्याच एका कारखान्यात कामाला होते. धूळ पकडायची मशीन तिथं आहे, पण वीज वाचावी म्हणून बंद ठेवतात, हे एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं. झालं. मी ते शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं. ती छत्तीसगढी, माझ्याच वर्गातली, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला माहीत. पुठ्ठ्यांवर 'नई राजधानी, साफ हवा' असं लिहून आम्ही घरोघर फिरलो. मग प्रदूषणाच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. चपराशी हाकलायचा, आम्ही बाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचो, पेंगायचो, पुन्हा आत जायचो. शेवटी एक साहेब बाहेर आले. भोपाळहून नवीनच आले होते. म्हणाले, "सबूत क्या है?"

"घर आके देखो ना सर," मैत्रीण म्हणाली.

आणि ते रविवारी येतो म्हणाले.

सबूत आमच्या गच्चीवर होता. एक पांढरी चादर आम्ही तिथं अंथरून ठेवली होती, चार कोपऱ्यांवर विटा. झटकायची नाही, हात लावायचा नाही. शाळा सुटली की सगळे वर जायचो आणि लोणचं मुरलं का पाहावं तसे तिच्यावर वाकायचो. आधी ती राखाडी झाली, मग काळी.

"खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिली तू," बाबा मला म्हणाले. पण चादर काढ असं म्हणाले नाहीत.

रविवारी साहेबांना आणायला आम्ही सगळे सडकेपर्यंत गेलो. त्यांना घेऊन परत आलो, तर अंगणातल्या तारेवर ती चादर ठिबकत होती. लख्ख पांढरी. वरून नीळ दिलेली.

"आई, हे काय केलं तू?" मी हळूच विचारलं.

"काहून? साहेब घरी येऊन राहिले. त्याइले मयकट चादरीवर बसवू काय? लोक काय म्हनतीन?"

"चाची, वही तो सबूत था," मैत्रीण म्हणाली.

आईला माहीत होतं की चादर कशासाठी ठेवली आहे. पण पाहुणा येणार म्हटल्यावर तिचे हात थांबले नाहीत. ती उंबऱ्यावर मटकन बसली. मला तिचा संताप आला, आणि तिला धाप लागलेली पाहून रडूही आलं. एवढी मोठी चादर तिनं त्या छातीनं घासली होती.

साहेब चादरीकडे पाहून एवढंच म्हणाले, "काफी सफेद है." आणि निघाले. पण आई कोणाला उपाशी जाऊ देते होय? पदर सावरून उठली. "पोहा खाके जाना भैया. ऐसे कैसे जाते."

अंगणात खुर्ची टाकली. साहेब मांडीवर ताटली घेऊन बसले, आम्ही खाली ओळीनं. वारा धुराड्यांकडून येत होता. चादर संथ हलत होती, ऊन पिवळंधम्मक. सगळं संपलं होतं, तरी पोहे चांगले लागत होते.

"आप लोग राई बहुत डालते हैं," साहेब म्हणाले.

"राई?" आई म्हणाली. "राई तो घर में थीच नही. बिना राई का किया."

साहेबांचा हात थांबला. त्यांनी ताटलीत पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे वाकून बसलेलो, सगळ्यांचे डावे हात ताटल्यांवर.

"आप सब ऐसे क्यों खाते हैं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "हव, ऐसे ही खाते हैं," मैत्रीण म्हणाली.

साहेब उठून तारेपाशी गेले. ओल्या चादरीला काळे कण चिकटले होते, निळीवर उठून दिसत होते. त्यांनी आपला रुमाल तिच्यावरून फिरवला, घडी केली, खिशात ठेवला. मग परत येऊन बसले, डावा हात ताटलीवर धरला आणि उरलेले पोहे संपवले. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हा.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी बाबा चपला काढता काढता म्हणाले, "मशीन चालू झाली." ती कायमची चालू राहिली असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री आईनं अंथरूण गच्चीवर टाकलं आणि तीच चादर अंथरली.

सकाळी मी उठले तर ती अंथरुणात बसून चादरीवरून तळहात फिरवत होती. हात उलटा करून पाहत होती, पुन्हा फिरवत होती. मग तिनं चादरीची घडी केली. धुवायला टाकली नाही. खाली आली, खाटेखालची पिशवी ओढली आणि एकेक लुगडं परत कपाटात ठेवायला लागली.